एक घंटी म्हणजे हो

सायकलची चेन पडायची ती नेमकी चढावर पडली. ऊन मी म्हणत होतं, खांद्यावर जड पिशवी, आणि पायडल नुसतं गरागरा फिरतंय. ती खाली उतरली, सायकलला चार शब्द सुनावले आणि ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या सायकल-दुकानापाशी आली.

दुकानदार पाठमोरा बसून चाकाच्या तारा आवळत होता. वळून त्याने आधी सायकलकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा सायकलकडे... या वेळी जरा घाईनेच.

"चेन पडली?"

"हो ना! सकाळपासून हेच चाललंय. कशामुळे होत असेल हो असं?"

"ढिली आहे. आवळू?"

"आवळा."

"घाई आहे?"

"आहे थोडी."

"पाणी देऊ?"

तिला हसू आलं. "तुम्ही काय उलटतपासणी घेताय का माझी?"

तो गोंधळला. कान लाल झाले बिचाऱ्याचे. गडी दिसायला बरा होता, हात तेलाने माखलेले, पण डोळे कसे स्वच्छ! तिने मुद्दाम पिशवीतून पत्त्याचा कागद काढला आणि त्यात डोकं घातलं.

ती एका संस्थेत कामाला होती. आजारी माणसांना व्हीलचेअर, पलंग, वॉकर असलं सामान गरज असेपर्यंत फुकट वापरायला देणारी संस्था. आता संस्थेची वेबसाइट होत होती, आणि ज्यांनी सामान नेलं त्यांचे अभिप्राय गोळा करायला तिला घरोघर पाठवलं होतं. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "अगं, नुसतं 'छान छान' नको लिहून आणूस. माणसाला बोलतं कर."

"हे घर कुठे आलं?" तिने कागद पुढे केला. "इथल्या आजोबांना आम्ही वॉकर दिलाय."

त्याने हात पुसले आणि दुकानामागच्या दाराकडे बोट दाखवलं. "माझे वडील. येताय आत?"

आत खिडकीपाशी अण्णा बसले होते. समोर संस्थेचा वॉकर, आणि त्याच्या दांडीला सायकलची चकचकीत घंटी! अर्धांगवायूने अण्णांची उजवी बाजू गेली होती आणि सोबत वाचाही गेली होती. डोकं मात्र एकदम तल्लख. एकदा घंटी म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असा बापलेकांचा हिशेब होता.

"अण्णा, या मॅडम संस्थेतून आल्यात. बसू दे?"

ट्रिंग.

"चहा टाकू त्यांच्यासाठी?"

ट्रिंग. आणि अण्णा तिच्याकडे बघून असे काही हसले, की जणू सगळं आधीच ठरलेलं आहे.

तिने वही उघडली. "संस्थेबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

त्याने भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं. "चांगलं... आहे."

"म्हणजे काय चांगलं?"

"वॉकर."

संपला अभिप्राय! संस्थेत परतल्यावर मोठ्या बाईंनी तो वाचून चष्मा काढला. "'चांगलं आहे, वॉकर.' हा अभिप्राय आहे की दुकानाची पावती? जा परत."

ती परत गेली. मग पुन्हा गेली. खरं सांगायचं तर बाकीच्या घरांतून इतके भरभरून अभिप्राय आले होते, की बाई या एकाला कधीच विसरून गेल्या होत्या. ती विसरली नव्हती एवढंच. येताजाता तिची सायकल त्याच चढाने जाऊ लागली, आणि तिची सीट कधी बोटभर खाली आली, ब्रेक कधी मऊ झाले, हे विचारायचं नाही असं दोघांनीही न बोलता ठरवून टाकलं.

"एक विचारू?" एकदा चहा घेताना ती म्हणाली. "तुम्ही कधी 'काय', 'का', 'कसं' असं विचारतच नाही. सगळं आपलं हो की नाही!"

त्याने कप खाली ठेवला.

"अण्णांना तसं विचारून कसं चालेल? सुरुवातीला चुकून विचारायचो, 'अण्णा, काय होतंय?' आणि ते... नुसते बघत राहायचे माझ्याकडे. तोंड हलायचं, शब्द नाही. तो चेहरा बघवायचा नाही मला. मग म्हटलं, नकोच. पाणी हवं? पाठ दुखतेय? एकेक विचारत गेलो. आता जीभच तशी झालीय."

याला इतक्या दिवसांत 'तुझं काय' असं कुणी विचारलंच नसेल, असं तिला वाटलं, आणि त्या क्षणी तिला तो आवडला. म्हणजे आधीपासून आवडतच होता, आता तिने ते कबूल केलं.

पण वेबसाइटचं काम काय जन्मभर पुरणार होतं? होता होता संपत आलं. दुसऱ्या शहरातल्या एका ऑफिसातून तिला बोलावणं आलं. मोठ्या बाई म्हणत होत्या, इथेच कायमची राहा. कुठेतरी हो म्हणायलाच हवं होतं.

"काय करू मी?" तिने त्यालाच विचारलं.

तो घंटीचा स्क्रू आवळत बसला. स्क्रू अजिबात ढिला नव्हता. "ती नोकरी... चांगली आहे?"

"चांगली आहे."

"मग..."

"मग काय?"

स्क्रू पुन्हा एकदा आवळला गेला. ती चिडून उठली. "जगाच्या चेनला तेल घालता, जरा स्वतःच्या जिभेला घाला की!" आणि तरातरा निघून गेली. रस्ताभर तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

शेवटच्या दिवशी ती आली ती फक्त कामासाठी, असं मनाशी घोकतच आली. त्याच्याकडे न बघता तिने टेबलावर फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. "आज तरी बोला. दोन वाक्यं. मग मी जाते."

त्याने मान खाली घातली.

"वॉकर आला तेव्हा... अण्णा पलंगावरून उठत नव्हते. हो-नाहीसाठी मी त्याला घंटी बसवली आणि तो नुसता पलंगापाशी ठेवला. मी दुकानात होतो, चाक फिरवत. मागून घंटी वाजली. मला वाटलं, गिऱ्हाईक. न वळताच म्हटलं, पाच मिनिटं थांबा. परत वाजली. मी वैतागून वळलो, तर..." तो थांबला. "दारात अण्णा. एकटे चालत आलेले. गिऱ्हाइकासारखे उभे. मी रडलो हो... आणि ते हसत होते. तुमच्या संस्थेने मला त्या दिवशी माझे अण्णा परत दिले. चांगलं आहे म्हणालो होतो ना मी, ते हे."

तिने पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. एवढं सुंदर बोलता येतं या माणसाला! आणि आता उठून जायचं? तिने फोन उचलला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अय्या... रेकॉर्डच नाही झालं! उद्या परत यावं लागणार मला."

ट्रिंग ट्रिंग!

दोघांनी वळून पाहिलं. अण्णांचा डावा हात घंटीवर होता आणि नजर फोनवरच्या लाल ठिपक्यावर.

"अण्णा, म्हणजे... झालंय रेकॉर्ड?"

ट्रिंग.

"मग या मुद्दाम तसं म्हणाल्या?"

ट्रिंग.

"अहो अण्णा!" ती ओरडली. चेहरा असा तापला, की कुठे लपावं कळेना.

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले, थांबले... आणि मग अगदी हळू त्याने विचारलं, "तुम्हाला... का यायचंय परत?"

का! त्याच्या तोंडी तो शब्द आल्याला किती काळ लोटला असेल. आणि गंमत बघा, दिवसभर लोकांना बोलतं करणारी ती, तिला आता एक अक्षर सुचेना. ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

"असलं अवघड नका ना विचारू," ती पुटपुटली. "हो-नाहीत... बसवून विचारा."

त्याने श्वास घेतला. "थांबाल? माझ्यासाठी?"

तिने हात पुढे केला. अण्णांनी सभ्यपणे आपला हात बाजूला घेतला. तिने घंटी दाबली.

ट्रिंग.

एवढ्यावर अण्णांनी गप्प बसावं की नाही? पण आनंदाने त्यांना धीरच धरवेना. त्यांनी लगेच दणकून हात मारला. ट्रिंग!

"अण्णा, काय करताय! दोन झाले, दोन!" तो रडकुंडीला आला. "नाही झालं ते!"

ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग! अण्णा कुठले ऐकतात.

"हो!" शेवटी तिनेच घंटीच्या वरताण आवाज चढवला. "हो म्हटलंय मी! थांबतेय! तुम्ही आवडता मला, म्हणून यायचंय परत!"

तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण बाहेरून कुणीतरी हाक मारली, "अहो, आहे का कुणी? हवा भरायचीय!"

त्याने तिचा हात धरला, तेलाच्या हातानेच, आणि न वळता ओरडला, "पाच मिनिटं थांबा!"