आल्हादचं शुद्ध पाणी

लालभडक पाण्याच्या नळ्या.

बेकरीतली खारी, वर्तमानपत्रात बांधलेली.

फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना: इनक्युबेटरवर हात शेकू नयेत.

लिंबाची अर्धी फोड.

फरशीवर आडवा पडलेला, टाय लावलेला तरुण.

पण त्याला पडायला अजून अवकाश आहे. नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात यशश्रीने कॉलेजच्या प्रयोगशाळेचं दार धाडकन उघडलं, ते थेट त्याच्या कपाळावर आपटलं.

"अगं बाई! लागलं?"

"लागलं... पण बाटली वाचली," तो हसला.

बाटलीत त्याचं पॉलिमर होतं. आल्हाद सातपूरच्या एका छोट्या कंपनीत केमिस्ट. दवाखान्यात रुग्णाच्या शरीरात घालायच्या नळ्यांना लावायचा लेप त्याने बनवला होता — जंतू मरावेत आणि माणसाला काही होऊ नये असा. दोन्ही गोष्टी तपासायचं काम प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या यशश्रीकडे आलं.

जंतू मेले. झकास मेले. पण रक्ताच्या पेशी त्याच्या द्रावणात सोडल्या, की फटाफट फुटायच्या आणि नळी लाल व्हायची. शेजारी तिच्या मिठाच्या पाण्यातल्या पेशी मात्र शहाण्यासारख्या तळाशी बसायच्या.

"नापास," यशश्री म्हणाली.

नवी बाटली आली. नापास. पुन्हा नवी. पुन्हा नापास.

आणि हा माणूस रोज हजर! काचसामान धुणाऱ्या मंगलाबाई नळापासूनच ओरडायच्या, "ताई, तुमचे जंतू आले!" मग हे महाशय जंतू वाढवायच्या उबदार पेटीवर, इनक्युबेटरवर, हात शेकत उभे.

"अहो, फळा वाचता येत नाही का?"

"अक्षर छान आहे. वाचतच राहावंसं वाटतं."

"देवा..."

"खारी घेणार?"

"प्रयोगशाळेत खात नाहीत! किती वेळा सांगू?"

"म्हणून तर म्हणतो, बाहेर चला."

ती जायची. चिडचिड करत, पण जायची.

एके दिवशी तो खारी न घेताच आला.

"ही शेवटची चाचणी, मॅडम. पेशी परत फुटल्या तर काम बंद. मला वापीच्या कारखान्यात पाठवतायत."

"मग जा," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. हातातली नळी उगाचच पुन्हा पुसली.

"या वेळी माझं रक्त घ्या. आपल्या माणसाला तरी ओळखेल माझं पॉलिमर."

तिने सुई टोचून रक्त काढलं. त्याने सुईकडे पाहिलं... आणि टायसकट फरशीवर आडवा!

"मंगलाबाई! लिंबू!"

मंगलाबाईंनी डब्यातली फोड आणली. यशश्री बाहेरच्या कट्ट्यावर त्याला सरबत पाजू लागली.

"खारट आहे..." तो पुटपुटला.

"मीठ नको? नुसत्या पाण्याने काय होणार आहे? रक्ताला मीठ—"

ती थांबली. पेला तसाच हातात.

"आल्हाद. तू पॉलिमर कशात विरघळवतोस?"

ती 'तू' म्हणाली होती. तो उठून बसला.

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये. एकदम शुद्ध. स्वतः तयार करतो मी."

"शुद्ध!" यशश्रीने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, शुद्ध पाण्यात रक्ताच्या पेशी फुगून फुटतात! कुणाच्याही! तुझं पॉलिमर बिचारं काही करतच नव्हतं. मीठ, आल्हाद, मीठ हवं त्यात!"

"मग... हे आधी का नाही सांगितलंस?"

"मी? मी सांगायचं?" तिचे कान लाल झाले. "आण तुझ्या पॉलिमरची कोरडी पावडर इकडे."

त्याच दुपारी तिने पावडर मिठाच्या पाण्यात विरघळवली आणि आल्हादचं रक्त त्यात सोडलं. दोघंही नळीशी नाक लावून बसली. लाल ठिपका हळूच तळाशी उतरला. वरचं पाणी नितळ.

मग जंतू वाढवायच्या नव्या बशीवर तिने तेच द्रावण जंतूंनाही दिलं. सकाळी जंतू मेलेलेच होते.

"पास," ती म्हणाली.

"म्हणजे वापी रद्द," तो म्हणाला. मग पडेल चेहऱ्याने, "पण आता इथे यायलाही काही कारण उरलं नाही..."

"अरे, किती छळशील!" यशश्री उसळली. "सगळं मीच सांगायचं का? मीठ मी सांगायचं, हेही मीच सांगायचं?"

"काय हे?"

"की... येत जा."

नळाखाली मंगलाबाईंची भांडी वाजायची थांबली. आल्हाद इनक्युबेटरवर ठेवायला गेलेले हात मागे घेत म्हणाला, "हात गार पडलेत गं."

तिने फळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि वैतागून आपला हात पुढे केला.

पहिल्या दिवशी दारात बाटली देताना आल्हादने स्पष्ट सांगितलं होतं, "हे साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आहे बरं का". यशश्री तेव्हा त्याच्या गालावरची खळी बघत होती.