भेटीचं रडणं

ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. माझी काही हरकत नाही. ममता माझी भावजय, ओमची बायको. अकरा वर्षं तिनं हे पोटात ठेवलं. मग एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता माझ्यासमोर सगळं ओकून टाकलं. तिनं सांगितलं तसंच सांगते, वर माझं तिखटमीठ नाही.

साल दोन हजार सहा. नोव्हेंबरातला रविवार. लख्ख ऊन.

अंधारबिंधार काही नव्हता.

यवतमाळच्या एका सरकारी ऑफिसात ममता लागली, त्याला दोन वर्षं झाली होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पहिली नोकरीवाली पोरगी. आई लहानपणीच गेली होती. तिला वाढवलं मावशीनं, रुपीबाईनं. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून शिकवलं. पण नोकरी लागल्यापासून ममता तांड्यावर फिरकली नाही. सुट्टी नाही म्हणायची.

सुट्टी होती.

त्या रविवारी ऑफिसातल्या बायकांची सहल निघाली. दारव्ह्याच्या पुढं एका खेड्यात जुनी बारव आहे, पायऱ्यापायऱ्यांची मोठी विहीर. मिठाचे बैल हाकत फिरणाऱ्या लमाणांच्या एका नायकानं ती बांधली असं म्हणतात. हेडक्लार्क शोभाताई म्हणाल्या, ममता, ही तर तुझ्याच लोकांची, तूच आम्हाला माहिती सांग. ममताला ओ की ठो माहीत नव्हतं. ती नुसती हसली.

जायचं शकुंतलेनं. शकुंतला म्हणजे आमची छोट्या रुळांची गाडी. चालत्या गाडीतून उतरावं, बोरं तोडावी न परत चढावं, असा तिचा लौकिक. दोन्हीकडं कापूस फुटून पांढरा झालेला. त्या वर्षी भाव असा झोपला होता की वेचणाऱ्या बायका फार कुठं दिसतच नव्हत्या. डब्यात पुऱ्यांचे डबे उघडले, नवऱ्यांच्या चहाड्या सुरू झाल्या.

लाडखेड मागं पडलं. साडेनऊ झाले असतील.

आणि मागून कोणीतरी रडायला लागलं...

सुरात. लांबवून.

ममतानं मान वळवली नाही. तिला वळवायची गरजच नव्हती.

आमच्या बंजाऱ्यांत रीत आहे. दोन बायका लई दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. गळ्यात पडतात न रडतात. एक रडता रडता सांगते, तू गेल्यावर हे झालं, अमका गेला, तमकी आजारी पडली. दुसरी तिला धरून तसंच सुरात उत्तर देते. मग डोळे पुसायचे, पाणी द्यायचं, अन् मग गप्पा. त्या वर्षांत तांड्यावर रडायला कारणं शोधावी लागत नव्हती. आणि आमच्या म्हाताऱ्या सांगत, रडणं अर्धं सोडू नये. समोरचीनं उत्तर दिलंच पाहिजे.

रुपीबाई समोर येऊन उभी राहिली.

आरशांचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. गाडी हेलकावे खात होती, पण बांगड्या वाजत नव्हत्या...

तिनं दोन्ही हात ममताच्या खांद्यांवर ठेवले. ममता सांगते, वजनच नव्हतं त्या हातांना. आणि एवढं रडूनही गाल कोरडे ठणठणीत.

पण हे तिला मागाहून सुचलं. तेव्हा तिला एवढंच दिसत होतं की अख्खा डबा आपल्याकडं पाहून राह्यला आहे. शोभाताईंच्या हातातली पुरी हातातच राहिली होती. ऑफिसातली नवीन मुलगी आभा तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होती. ममताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ओळखीची आहे का गं?" शोभाताईंनी विचारलं.

"नाही," ममता म्हणाली. "मी नाही ओळखत हिला."

रडणं तुटलं.

मध्येच. एखादा शब्द अर्धा तोंडात असावा, तसं.

रुपीबाईनं हात काढून घेतले. थोडा वेळ ममताकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं ममता म्हणते. मग वळली न दाराकडं गेली. शोभाताई म्हणाल्या, बिचारी, डोक्यानं गेलेली दिसते, उतरली असेल पुढं. गाडी तशी बैलगाडीच्याच चालीनं जात होती, त्यामुळं कोणाला नवल वाटलं नाही.

ममतानं खिडकीतून मागं पाहिलं. रुळांच्या कडेला कोणी नव्हतं...

आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तांडा महागाव तालुक्यात. तिकडं तर ही गाडी जातच नाही. मग मावशी इथं आली कशी?

बारवेवर पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सगळ्या वर फोटो काढत होत्या. ममता एकटीच कठड्यापाशी उभी.

खालून आवाज आला...

तोच सूर. चढत जायचा आणि त्याच जागी तुटायचा. मग शांत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, खाली कोणी रडून राह्यलं का हो?" आभानं विचारलं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

ममता खाली उतरली. शेवटच्या पायरीपर्यंत. हिरवं पाणी, वर एक पानसुद्धा हलत नव्हतं. माणूस नाही, काणूस नाही. सूर पुन्हा आला, त्या जागी तुटला न थांबला. आता फक्त उत्तर द्यायचं होतं. तिला येत होतं. लहानपणापासून ऐकलेलं. तिनं तोंडही उघडलं.

आणि वर पाहिलं.

शोभाताई, आभा, सगळ्या कठड्यावरून वाकून बघत होत्या.

ममतानं तोंड मिटलं. पारवे आहेत म्हणाली न वर आली.

संध्याकाळी घरी पोचली तर ओम दारातच उभा. महागावहून फोन आला होता. रुपीबाई गेली, दुपारी बाराला. तीन दिवसांपासून लकवा मारून खाटेवर पडली होती. हलणं नाही, बोलणं नाही.

रात्रीतून तांडा गाठला. रुपीबाईची लेक सुखीबाई धावत येऊन ममताच्या गळ्यात पडली न सुरात सांगू लागली. याडी, माय माझी, तीन दिवस मुकी होती गं. आज सकाळी साडेनवाला अचानक डोळे उघडले. एकच वाक्य बोलली, मग मिटले ते मिटलेच.

"मन ओळखी कोनी."

मला ओळखलं नाही.

"कोणी ओळखलं नाही गं तिले?" सुखीबाईनं रडतारडता विचारलं. "आम्ही तर सारे उशापाशीच होतो. तुले काही ठावं आहे का, ममता?"

"नाही," ममता म्हणाली.

मावशीचं प्रेत चार हातांच्या अंतरावर होतं. तरी नाहीच म्हणाली. हे सांगताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, शेंगांकडं पाहत होती.

गाडीत कोण आलं होतं, मला माहीत नाही. शोभाताईंना मी स्वतः विचारलं, त्यांना तो घागरा अजून आठवतो. सुखीबाईला मात्र आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. दर दिवाळीला ममता तांड्यावर जाते, आता एक वर्ष चुकवत नाही. सुखीबाई गळ्यात पडते, आणि रडतारडता तोच प्रश्न विचारते. मी बाजूलाच उभी असते.

ममता उत्तर देत नाही. नुसती मोठ्यानं रडते, सुखीबाईपेक्षाही मोठ्यानं. तांड्यावरच्या बाया म्हणतात, पोरीचा मावशीवर लई जीव होता.