पट्टा माझ्या हातात होता

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला कुणाला पटवायचं नाही. मी तिथे उभा होतो आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

साल १९९८. डिसेंबरचे दिवस. नाशिकला पेठ रोडवर माझ्या मामांचं, चिमाजी मामांचं, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मीही त्यांच्याबरोबरच काम करायचो. सेल्फ, बॅटरी, हॉर्न, अल्टरनेटर. गिऱ्हाईकं अल्टरनेटरला डायनमोच म्हणायची.

एका दुपारी केरू आला. पेठच्या अलीकडे आत एक पाडा आहे, तिथला. त्याची जीप रोज पॅसेंजर घेऊन पेठ-नाशिक करायची. अल्टरनेटर जळाला होता.

केरूने गोणपाटातून दुसरा काढून मामांपुढे ठेवला.

"मिस्तरी, ह्यो बसवा. दादाच्या गाडीचा हाय."

मामांचा हात थांबला.

दादा म्हणजे कोंडाजी. केरूचा थोरला भाऊ. तोही जीप चालवायचा, आमच्याकडेच यायचा. आषाढात भर पावसात घाटातून त्याची गाडी खाली गेली. गाडीत तो एकटाच होता.

"केरूभाऊ, नवा घाल ना. कशाला तो..."

"नवाच हाय तो. पावसाच्या तोंडावर दादानं घातला व्हता. वहिनीला इचारून आणलाय."

मामांनी तो खोलला. आत लाल माती वाळून बसली होती. आम्ही पेट्रोलने धुतला, कार्बन बदलले, बेअरिंगला ग्रीस लावलं, जीपला बसवला. इंजिन चालू केलं. डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा विझला.

गाडीवाल्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. तो लाल दिवा लागलेला असेल तर बॅटरी चार्ज होत नाही. विझला म्हणजे अल्टरनेटर काम करतोय.

केरू खुशीत गेला.

आठवडाभरात परत आला. दुपार नुकतीच कलली होती. शेजारी पाड्यावरचे झुंबरबाबा बसलेले. केरू एकटा यायला तयार नव्हता, हे मला नंतर कळलं.

"मिस्तरी, लाईट बंद व्हत नाय."

"स्विच गेला असेल."

"सगळीकडं नाय व्हत तसं. घाटात व्हतं. दादाची गाडी गेली त्या वळणावर."

झुंबरबाबा खाली उतरले आणि हळू आवाजात म्हणाले,

"मी व्हतो ना बाजूला. ह्यानं बटन बंद केलं. मंग चावीच काढली. गाडी उभी... आन् लाईट वाढतच चालली. पॅसेंजर पळाले. आता कुणी बसत नाय ह्याच्या गाडीत."

मामा म्हणाले, रेग्युलेटर खराब असणार. जास्त चार्ज होत असेल. मलाही तेच वाटलं.

"दत्तू, पट्टा काढ. बघू."

इंजिन अल्टरनेटरला पट्ट्याने फिरवतं. पट्टा काढला की तो नुसता लोखंडाचा गोळा. मी पट्टा काढला. मामांनी इंजिन चालू केलं. आता लाल दिवा लागून राहायला हवा होता.

दिवा लागला...

आणि विझला.

"काढलास ना पट्टा?"

मी हात वर केला. पट्टा माझ्या हातात होता.

मामांनी इंजिन बंद केलं. रस्त्यावरून त्या वेळी एकही गाडी जात नव्हती. दुकानात एकदम शांत झालं.

आणि बॉनेटखालून आवाज आला.

घर्र... घर्र... घर्र...

मी वाकून पाहिलं. अल्टरनेटरचा पंखा फिरत होता. सावकाश. कुणीतरी बोटाने ढकलत असावं तसा.

समोरची भिंत उजळली. हेडलाईट लागले होते.

स्विचपाशी कुणीही नव्हतं.

मामांनी वायरी अक्षरशः ओढून तोडल्या. लाईट गेले. आम्ही दोघांनी मिळून अल्टरनेटर खाली काढला आणि आतल्या टेबलावर ठेवला. तो गरम होता. इंजिनाच्या उष्णतेने लोखंड तापतं तसा नाही... ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

केरू स्टुलावर बसला होता. त्याने स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली.

"दादा पडला त्या रात्री मी बी तिथनंच गेलो, मिस्तरी. खाली दरीत उजेड दिसला. पॅसेंजर बोलले, खेकडेवाले असतील. पावसात मान्सं बत्त्या घेऊन वढ्याला उतरत्यातच. मला बी तेच वाटलं. मी थांबलो नाय. कुणीच थांबलं नाय. सकाळपर्यंत उजेड व्हता म्हणं. दादा लाईट लावून बसला आसंल... कुणीतरी यील म्हणून."

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात टेबलावर... टक्.

आम्ही वळलो.

अल्टरनेटरची पुली, म्हणजे पट्टा बसतो ते चाक, थोडी फिरली आणि थांबली. परत फिरली. त्याला ना पट्टा, ना वायर.

आमच्याकडे तपासायला दोन वायरी जोडलेला एक बल्ब असायचा. मामांनी तो उचलला. "करंट आहे का बघतो," म्हणाले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी टोकं लावली होती.

बल्बची तार लाल झाली. विडीच्या टोकाएवढी.

केरू उभा राहिला.

"दादा?"

बल्ब पिवळा झाला.

"दादा, तू हाय का?"

अजून वाढला. झुंबरबाबा दाराकडे सरकले.

"लय वाट पाह्यली का रं...?"

बल्ब पांढराफेक झाला. डोळे दिपले. आणि फट्कन फुटला. काचा माझ्या पायापर्यंत आल्या.

केरू लहान पोरासारखा रडत होता.

मामा म्हणाले, "हे मी उद्या गोदावरीत सोडून येतो. तू याला हात लावू नको."

"नाय. माझ्यासंगं यील त्यो. मीच नेतो."

मामांनी जीपला दुकानातला नवा अल्टरनेटर बसवून दिला. मी तपासलं, सगळं ठीक होतं. आम्ही त्याला राहायचा खूप आग्रह केला. दुकानामागच्या घरातून मामी जेवायला वाढते म्हणाली. पण तो ऐकेना. गोणपाटात गुंडाळलेला तो गोळा त्याने मांडीवर घेतला आणि गाडी सुरू केली. झुंबरबाबा नाइलाजाने शेजारी बसले.

पुढचं सगळं झुंबरबाबांकडून कळलं.

घाटात पोचले तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. माणूस ओळखू येईल एवढा उजेड होता. त्या वळणावर केरूने गाडी थांबवली. गोणपाट उचललं.

"बाबा, तुमी बसा. दादा हाक मारतोय."

बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. रातकिडेसुद्धा नाही.

केरू दरीत उतरू लागला. बाबा कठड्यापाशी गेले. खाली एक उजेड आधीच लागलेला होता. केरू थेट त्याच्याकडे चालला होता. वाट माहीत असल्यासारखा.

"मी बोंबललो, केरू, माघारी फिर! तर खालून बोलला, आलो, आलो. पर ते मला नव्हतं सांगत त्यो."

मग उजेड विझला.

पडल्याचा आवाज नाही. ओरडणं नाही.

पाड्यावरची माणसं टॉर्च घेऊन उतरली. कोंडाजीची जीप जिथे अडकली होती त्याच खडकाला टेकून केरू बसलेला सापडला. अंगावर एक ओरखडा नव्हता. डोळे उघडे. गोणपाट रिकामं.

अल्टरनेटर कुणाला सापडला नाही.

केरूचं दहावं झाल्यावर मामा आणि मी पाड्यावर गेलो. कोंडाजीची बायको, नवसाबाई, ओट्यावर बसली होती. आधी नवरा, मग दीर. मामा तिच्यापुढे हात जोडून बसले.

"ताई, मी तो बल्ब जोडायला नको होता. कोंडाजीने त्याला बोलावून घेतलं..."

नवसाबाईने मान वर केली.

"कोंडाजीनं? मालक कशाला बोलवतील?"

"रात्रभर लाईट लावून वाट बघितली ना त्याने. केरूच्या मनाला ते..."

"कुणी सांगितलं तुमाला?" तिचा आवाज एकदम सपाट झाला. "मालक पडल्या पडल्याच गेले. डाक्टरनं मला समोर बसवून सांगितलं. केरूभाऊला बी सांगितलं मी. त्यानं ऐकलंच नाय."

"मग तो उजेड?"

ती आत गेली. एक बॅटरी घेऊन आली आणि आमच्यापुढे ठेवली. एका बाजूने फुटलेली, वायरीचे तुकडे लोंबत होते.

"ही मालकाच्या गाडीची. रस्त्याच्या खाली लगीच करवंदीची जाळी हाय, तिथं अडकली व्हती. गाडी गेली पार खाली. दोन्ही लायटी वरच दगडावर फुटल्या. काचा मीच येचल्या."

मामांनी फुटलेल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"गाडीत दिवा लागायला काय उरलंच नव्हतं, मिस्तरी. खाली काय पेटलं व्हतं, ते मला नाय ठावं."

परत येताना भर दुपार होती. लख्ख ऊन. वळण आलं तसा मी वेग वाढवला. पार खाली उतरून सपाटीला लागल्यावर मामांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"दत्तू, केरूने त्याला दादा म्हटलं. तेव्हा ते वाढलं. ते कोंडाजी नव्हतं; जो त्याच्याशी बोलला त्यालाच त्याने नेलं. बरोबर?"

"हो."

"त्याच्या आधी आपण तो खोलला, धुतला. तेव्हा आपल्यापैकी कुणी काही बोललं होतं का रे... त्याच्याशी?"

"नाही, मामा. लोखंडाशी कोण बोलतं?"

"नीट आठव."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारातही त्यांनी मला जवळ बोलावून हेच विचारलं होतं. मी तेव्हाही नाही म्हणालो.

पण काम करताना माणूस तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतच असतो.

मी अजून आठवतोय.