बोट ज्याच्यावर थांबलं

दार लोटून घे रे प्रेम, अन् तो मोबाईल उपडा ठेव. तुम्हाले हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या. मधात कोणी खीखी केलं का मी उठून जाईन, मंग बसा रात्रभर अर्धी गोष्ट घेऊन.

फोटोफ्रेमच्या धंद्यात चाळीस वर्षं गेली माही. जित्या माणसापेक्षा मेलेल्यायचेच फोटो जास्त येतात आमच्याकडे. कधी काही वाटलं नाही. पण अनिकेतचं ते एक काम केलं, अन् तवापासून कोणी जुना फोटो आणला का मी पहिले विचारतो, नक्की हाच ना बावा?

हा अनिकेत वडगाव रोडले राहतो. बँकेत आहे, भला पोरगा. त्याचे वडील नीळकंठराव, तहसीलीतून रिटायर, वय शहात्तर. त्या साली त्यायच्या किडन्यायनं जवाब देल्ला होता. डॉक्टरनं अनिकेतले बाजूले घेऊन सांगतलं, आता घरी न्या, जे मागतीन ते खाऊ द्या. अन् बुढ्याचं खायचं काही मागणंच नव्हतं. एकच मागणं. मरायच्या आधी बापाचं तोंड पाहायचं.

त्याचं असं झालतं. नीळकंठराव दोन महिन्याचे असताना बाप पटकीनं गेला. सन एकोणपन्नास. आई गेली तवा हे चार वर्षाचे. मंग मामाच्या घरी पांढरकवड्याले वाढले. बापाचा एक फोटो नाही कुठं. दर पितृपक्षात ताट ठेवायचे, हात जोडायचे, अन् डोळे मिटले का समोर काहीच यायचं नाही. एकदा दाढी करता करता आरशापुढं थांबले अन् पोराले म्हणे, "यातलं त्यांचं काय असेल रे?" अनिकेत लहान होता, पण ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

तर २०२५ च्या सप्टेंबरात मामाचं घर पाडाले घेतलं अन् एका ट्रंकेत फोटो सापडला. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापुढं सात माणसं उभी. मागून पेन्सिलनं लिहेल, पांढरकवडा, १९४८. नावं नाहीत. सातातला एक जण ऐन वक्ताले हलला होता, त्याचं तोंड धुरकट झालेलं. बाकी सहा साफ. बाप त्याच जिनात कारकून होता, म्हणजे यातला कोणता तरी एक. पण कोणता? सांगणारं माणूस जगात एकच उरलं होतं. बाभुळगावची रत्नप्रभाकाकू, नीळकंठरावाच्या बापाच्या धाकट्या भावाची बायको. वय त्र्याण्णव.

गुरुवारी, अठरा तारखेले, अनिकेत फोटो घेऊन मोटरसायकलनं बाभुळगावले गेला. बुढी पलंगावर बसून वाती वळून राह्यलती. नजर चांगली होती तिची, कान जरा कमी.

"कोण? निळूचा का रे तू? बाप कसा आहे?"

"बरे नाहीत काकूआजी. तुम्हाला एकच विचारायला आलो. यातले आमचे आजोबा कोणते?"

बुढीनं फोटो मांडीवर घेतला. पहिल्या माणसावर बोट ठेवलं, मंग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर बोट थांबलं. अन् तिनं डोक्यावरचा पदर पार कपाळाच्या खाली ओढला, मान घातली.

"हेच का? हेच आजोबा?"

बुढीनं मान हलवली. अनिकेतचे डोळे भरून आले. त्यानं तिथंच मोबाईलवर फोटो काढला, चौथ्या माणसाभोवती गोल केला, बुढीच्या पाया पडला अन् निघाला. चहा पण घेतला नाही गड्यानं, एवढी घाई बापाले दाखवायची.

शुक्रवारी तो चौथा माणूस मी मोठा करून देल्ला. सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावेल कोट, भांग बरोबर पाडेल. आता सांगतो म्हणून नाही, पण काच पुसताना दोनदा मी मागं पाह्यलं.

फ्रेम पाहून नीळकंठराव लहान लेकरासारखे रडले. "कपाळ पाहा अनघा, कपाळ माझंच आहे ना?" अनघा म्हणजे अनिकेतची बायको. ती म्हणे, "हो अण्णा, अगदी तुमचंच." काय म्हणन बिचारी. मले इमानदारीनं विचाराल तर एक रेघ जुळत नव्हती.

रविवारी, एकवीस तारखेले, सर्वपित्री अमावस्या. बुढ्याच्यानं उठवत नव्हतं, तर फोटो पलंगासमोरच लावला. हार घातला, कुंकू लावलं. शहात्तर वर्षांत पहिल्यांदा चेहरा समोर ठेवून त्यायनं हाक मारली. "बाबा, मी नीळकंठ. तुमचा मुलगा. या." दर वर्षी कावळा तासभर वाट पाहायले लावे. त्या दिवशी अनिकेत ताट घेऊन गच्चीवर चढला तर कावळा आधीच कठड्यावर बसेल होता. अनघाले बरं वाटलं. अनिकेतलेही वाटलं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अनिकेतले जाग आली. बापाच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. बाप हसून राह्यला होता. किती तरी महिन्यांनी.

तो दारात गेला. झिरोचा बल्ब. बाप एकटाच, कुशीवर. पलंगाच्या काठाशी गादी मात्र दबेल.

"अण्णा, कोणाशी बोलताय?"

"बाबा आले होते रे. इथं बसले. मला विचारलं, किती वर्षांचा तू? म्हटलं, शहात्तर." बुढा पुन्हा हसला. "म्हणाले, नाही. तू चार वर्षांचा."

अनिकेतनं पाणी पाजलं. स्वप्न असन म्हणे. पांघरूण नीट करायले वाकला, तर बापानं त्याचं मनगट धरलं. हात थंडगार. हसणं गेलतं.

"अनिकेत... ते आणखी एक म्हणाले."

"काय?"

"म्हणाले, मला मुलगा नव्हताच कधी... पण तू हाक मारलीस ना."

अनिकेतनं फोटोकडे पाह्यलं. मंग पाह्यलंच नाही. बाहेरच्या खोलीत आला अन् बाभुळगावले फोन लावला. अडीच वाजले होते. काकूच्या सुनेनं उचलला. बुढी जागीच होती, तिले रात्रीची झोप नव्हती. फोन तिच्या कानाशी धरला.

"काकूआजी, चौथ्यावर बोट ठेवलं ना तुम्ही? तेच ना आजोबा?"

"काय बोलून राह्यला तू? भासऱ्यावर बोट ठेवते का कोणी?"

आता तुम्हाले भासरा म्हणजे काय ते माहीत नसन. नवऱ्याचा मोठा भाऊ. जुन्या बाया त्याचं नाव घेत नव्हत्या, त्याच्यापुढं तोंड दाखवत नव्हत्या. अन् फोटोतल्या भासऱ्याले तरी ती बोट कसं लावन?

"मी अलीकडच्यावरच थांबली," बुढी म्हणे. "अन् पदर ओढला. तुले दिसला नाई का माहा पदर? भासरा त्याच्या पलीकडचा. पाचवा."

"मग चौथा कोण?"

बुढी तिकडं सुनेले म्हणे, "दिवा लाव."

"काकूआजी... चौथा कोण?"

"जिनातच राहे तो. एकटा. लेकरू नव्हतं त्याले. लोकायच्या लेकराइले पाहत बसे..." बुढी म्हणे. "एक दिवस चौकीदाराचं पोट्टं घेऊन गेला जिनामागं. चार वर्षाचं होतं. दोघंही वापस नाई आले..."

अनिकेतनं बापाच्या खोलीकडे पाह्यलं.

"त्याचं काहून विचारतं, अनिकेत? तुम्ही त्याले हाक तर नाई मारली?"

अनिकेतनं फोन टाकला. धावत खोलीत गेला. भिंतीवरची फ्रेम ओढून काढली, हार तोडला, फ्रेम बाहेर फेकली. काच फुटली. अनघा उठून आली.

"अण्णा, तो नव्हता! माझी चूक झाली. बाबा नव्हते ते!"

बुढा छताकडे पाहत होता. हळूच म्हणे, "माहीत आहे... पण हा उठत नाही."

"कोण, अण्णा?"

बुढ्यानं नुसती पलंगाच्या काठाकडे मान वळवली. गादी... दबेलच होती.

अनघानं अनिकेतचा दंड धरला. दोघायलेही तिथं बसायची हिंमत झाली नाही. सख्खा बाप मरून राह्यला अन् पोरगा चार हात दूर उभा. मले हे सांगताना तो माह्या दुकानात ढसढसा रडला.

"अनिकेत."

"हो अण्णा."

"माझे बाबा कोणते? दाखव. लवकर दाखव... मग मी त्यांना हाक मारतो."

पोरानं मूळ फोटो आणला. मोबाईलचा टॉर्च लावला. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर अंगठा दाबला. पाचव्यावर उजेड धरला.

पाचवा तोच. हललेला.

कोट होता. हात होते. धोतराचा सोगा होता. मानेच्या वर नुसता धूर.

नीळकंठरावानं डोळे ताणून पाह्यलं. फोटो नाकाशी नेला. दूर धरला. पुन्हा जवळ आणला.

"याला तोंड कुठं आहे रे?"

अनिकेतनं टॉर्च आणखी जवळ धरला.

"हाक कोणाला मारू?... अनिकेत... कोणाला मारू?"

नीळकंठराव पहाटे चार वाजता गेले. उजवा हात पलंगाबाहेर लोंबत होता. अनघानं दोनदा उचलून छातीवर ठेवला. दोन्ही वेळा तो बाहेरच गेला.

सोमवारी दुपारी मी मयतीले होतो. आपल्याकडे रीत आहे, जिथं जीव गेला तिथं रात्री जमिनीवर पीठ पसरवतात, दिवा ठेवतात, वरून टोपलं झाकतात. सकाळी उघडून पाहतात, पिठात काय उमटलं. कोणाले चिमणीचं पाऊल दिसते, कोणाले गाईचं खूर. मी म्हणतो दिसत नाही काहीच, मनाची समजूत आहे. खोलीले बाहेरून कडी लावली, अन् मी अन् अनिकेत रात्रभर दारातच बसेल होतो. डोळ्याले डोळा नाही.

मंगळवारी सकाळी सहाले कडी काढून टोपलं अनिकेतनंच उचललं. मी त्याच्या खांद्यावरून पाह्यलं. दिवा विझेल होता. पिठात एक मोठं पाऊल उमटेल होतं, पुरुषाचं, दाराकडे तोंड करून. त्याच्या बाजूले दोन लहान पावलं. चार वर्षाच्या लेकराची असतीन, एवढीशी. मोठं पाऊल साफ होतं. लहान पावलायच्या टाचा मात्र पिठात रुतून, घसटत, पार टोपल्याच्या काठापर्यंत ओढत गेल्या होत्या.