करंगळीची मध्यरेषा

विलासचा निळीने माखलेला पंजा निशिगंधाच्या ग्राफपेपरवर उमटला, तो निव्वळ अपघाताने. सांगानेरच्या कापडछपाईच्या कारखान्यातून पानाफुलांचे लाकडी ठसे संगणकावर उतरवून घ्यायला तो संगणक केंद्रात आला, खुर्चीला अडखळला आणि तोल सावरायला त्याने हात टेकला...

"अगंबाई!"

"इथे मराठी? मग माफीही मराठीतच. मतलब... माफ करा."

"कागद वाया गेला माझा."

"वाया कशाला? पानाऐवजी याचाच सांगाडा काढा."

तिचं कामच ते होतं. आकृतीची कड बिंदू बिंदू करून साठवायची नाही. तिच्या मधोमध जाणारी रेषा शोधायची, मोजक्या बिंदूंवर बेतलेल्या वक्रांनी ती मांडायची आणि जागोजागची जाडी लिहून ठेवायची. तेवढ्यावरून यंत्र सबंध आकृती पुन्हा उभी करी.

विलास दर गुरुवारी येऊ लागला. लहानपणी पतंगापायी गच्चीवरून पडून त्याची करंगळी वाकडी झाली होती. पडद्यावर ती पाहून तो म्हणाला, "सरळ करा की हिला."

"एक बिंदू हलवला की होईल."

"मग?"

"नको... मग ती तुमची राहणार नाही—" आणि तिने जीभ चावली.

घरी तिचा जीव मुठीत असे. वडील, सुभेदार उत्तमराव, यांच्यासमोर मोठ्याने हसायचीही सोय नव्हती. कुणी वाचू नये म्हणून त्या हाताची आकृती साठवलेल्या फ्लॉपीवरही तिने 'पान' असंच लिहून ठेवलं होतं.

अशात वडिलांची पुण्याला बदली झाली. गाडी रविवारची, शुक्रवारी केंद्रात तिच्या कामाचं प्रात्यक्षिक. उत्तमराव पहिल्या रांगेत, विलास भिंतीशी, हातात ठसा. निशिगंधाने थरथरत 'पान' लिहिलेली एक फ्लॉपी आत सरकवली.

पडद्यावर पानाऐवजी मनगट उमटलं. मग अंगठा. बटण बंद करावं— पण बोटं हलेनात. शेवटी उमटली वाकडी करंगळी.

उत्तमरावांनी पडद्याकडे पाहिलं. मग सावकाश, भिंतीशी ठसा धरलेल्या हाताकडे.

"निशा, हे पान आहे?"

"नाही, बाबा. हात आहे."

"कुणाचा?"

नमुना म्हणून घेतला, एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. मग रविवारची गाडी... आणि पुन्हा कधीच नाही.

"विलासचा. मी... जपून ठेवलाय."

उत्तमराव उठले आणि विलाससमोर जाऊन उभे राहिले.

"वडील कुठे असतात?"

"शास्त्री नगरला. विमा कंपनीत आहेत... जी."

"उद्या संध्याकाळी त्यांना घेऊन घरी या. सहा वाजता. सहा म्हणजे सहा."

निशिगंधाची भीती अजून गेली नव्हती. तिने चोरून विलासकडे पाहिलं— ठशावरची त्याची करंगळीही थरथरत होती.