हौसेचं खातं

धुक्यात बस चुकली म्हणून ती त्या दुकानात शिरली, आणि तिथली वेताची आरामखुर्ची तिच्या मनात भरली. जुन्या खुर्च्या विणून विकणारा तरुण हसला. "बसून बघा ना. बसायचे पैसे नाही घेत."

ती बसली नाही. ऑफिसात तिला मुनीमबाई म्हणत, ते उगाच नव्हे. पगार झाला की चहा पिण्याआधी निम्मा गुंतवणुकीत. उरलेल्याची खाती पाडलेली – भाडं, किराणा, आजारपण, हौस. हौसेच्या खात्याला आजवर हात लागला नव्हता. चाळिशीच्या आत नोकरीची गरज संपवायची, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही... भाजीच्या पैशांसाठी आईला बाबांपुढे ताटकळताना तिने पाहिलं होतं.

"माझा नियम आहे," ती म्हणाली. "आवडलं ते लगेच घ्यायचं नाही. येऊन बघत राहायचं. ओढ टिकली, तर घ्यायचं."

"आणि माणूस आवडला तर?"

"त्यालाही तोच नियम."

"मग येत राहा. खुर्ची कुठे पळत नाही. माझं मात्र सांगता येत नाही हं."

ती येत राहिली. तो वेत विणायचा, ती उभ्याउभ्या गप्पा मारायची. एकदा त्याने मान खाली घालूनच विचारलं, "लग्न कराल माझ्याशी?"

"बघू... पुढच्या वर्षी."

त्याची बोटं वेतावर थांबली. "इथलं भाडं झेपत नाही. महिनाअखेर दुकान दुसऱ्या गावी हलवतोय. तोवर सांगा."

तिच्या घरी खिडकीजवळचा कोपरा खुर्चीसाठी मोकळा होता. त्यानंतर एका सकाळी तिथल्या सतरंजीवर चार खळगे दिसले – खुर्चीच्या पायांचे असावेत तसे. तिने हात फिरवून ते मोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

आणि एका संध्याकाळी ती आईकडून परतली, तर कोपऱ्यात खुर्चीच. दाराचं कुलूप जसंच्या तसं. बैठकीला हात लावला... कोमट. फोनवर बँकेचा मेसेज होता – हौसेचं खातं रिकामं.

सकाळी तिने दुकान गाठलं.

"काय गं, घरी कशी दिसतेय खुर्ची?" तो म्हणाला.

"गं? हे कधीपासून?"

"कालपासून. अहो-जाहो पुरे, असं तूच म्हणालीस. खुर्ची नेलीस, आणि..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, "...हो म्हणालीस."

काल ती दिवसभर आईकडे होती. 'ती मी नव्हे' हे ओठांवर आलं, आणि तिथेच अडकलं. मी नसेन, तर तो 'हो'ही माझा नाही. जी कोण ती, तिने खुर्ची घेतली, पैसे उडवले; आता हाही तिचाच व्हायचा.

दुकानाच्या काचेपलीकडे धुक्यात कुणीतरी उभी होती. तिच्याच उंचीची, तिच्यासारखीच पर्स छातीशी धरून. घाई कसलीच नसल्यासारखी.

"कालचं सोड," ती म्हणाली. "आज मी सांगतेय ते धर. मला तू हवा आहेस... आत्ता, याच वर्षी. पण निम्मा पगार आधी बाजूला, ते सुटणार नाही."

"बरं बाई. माझीही कमाई त्यातच घाल."

तिने त्याचा हात हातात घेतला. तो दचकला, मग नवल वाटल्यासारखा हाताकडे बघत राहिला.

"काल किती गार होता गं तुझा हात."

तिने बोटं आणखी घट्ट केली. काचेकडे मात्र बघितलं नाही.