भाकरीच्या अंगणातले गवत

अंगणातल्या हिरवळीवर पिवळी वर्तुळे उमटली होती. प्रत्येक वर्तुळाच्या कडेचे गवत मात्र उरलेल्या हिरवळीपेक्षा गडद आणि टवटवीत होते. पिवळ्या लुगड्याला हिरवा काठ लावावा, तसे. मधले गवत मेले आणि कडेचे माजले, हे कसे, ते कालिंदीला उमगत नव्हते.

वर्तुळे कुणी केली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ती भाकरीने केली होती. भाकरी म्हणजे कालिंदीची कुत्री. गोल, तांबूस, कडेला थोडी करपल्यासारखी काळी. सकाळी ती हिरवळीवर बसून शू करी, मग कुंपणाच्या कडेने इतकी धावे की तिथे गवताऐवजी मातीची वाट पडली होती.

बाबांनी ठरवून टाकले होते. दसऱ्याला विलासकाकांची चालकाविना चालणारी गाडी मळ्यातून येईल आणि भाकरीला कायमची घेऊन जाईल. कालिंदी रोज भाकरीशेजारी जाऊन बसू लागली.

तेवढ्यात सुलूआजी सुट्टीवर अकोल्याला आली. ती बाबांची मावशी. चंद्रावरच्या काचघरात गवत रुजवण्याचे काम करणारी शास्त्रज्ञ. तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी वर्तुळापाशी उकिडवी बसली.

बाबा म्हणाले, कुत्रीची शू विषारीच असते. आजीने विचारले, विष असेल तर काठ हिरवा का?

आजीने कालिंदीला स्वयंपाकघरात नेले. कोशिंबिरीसाठी चोचवलेल्या काकडीला मीठ लावले आणि वाटी तिच्या हातात दिली. थोड्या वेळाने तळाशी पाणी साचले.

"काकडीचं पाणी मिठानं ओढून घेतलं," आजी म्हणाली. "मुळांचंही तसंच होतं. शूमध्ये क्षार असतात आणि नत्र (झाडांना वाढवणारे खताचे द्रव्य) असतं. मध्यभागी ते फार. तिथं मुळांचं पाणी ओढलं जातं आणि गवत करपतं. कडेला पोचेपर्यंत ते विरळ होतं..."

"म्हणजे कडेला तेच खत झालं," कालिंदी म्हणाली.

मग भाकरीच्या मागोमाग तांब्याभर पाणी ओतायचे, म्हणजे मधलेही विरळ होईल, हे तिने स्वतःच शोधून काढले. नवी वर्तुळे कमी झाली. जुनी मात्र तशीच राहिली आणि कुंपणाकडची वाटही बुजेना. बाबांनी हौसेने आणलेले हे मऊ गवत थंड हवेतले. ते झुबक्यांनी वाढे. एक झुबका मेला की शेजारचा त्या जागेकडे वळूनही पाहत नसे.

दर रविवारी खुरप्या, म्हणजे घरचा यंत्रमाळी, कुंपणाखालचे एक रांगडे गवत उपटून मागच्या ढिगावर टाकी. एकदा भाकरी त्या ढिगावर लोळत होती. तिला हाकलायला गेलेली कालिंदी थबकली. फेकलेले गवत हिरवेच होते, आणि त्याच्या गाठींतून पांढरी मुळे खाली मातीत उतरली होती.

तिने खुरप्याला विचारले, हे काय?

"हरळी. तण. दिसताच उपटणे," खुरप्या म्हणाला.

ही सूचना बाबांनीच त्याला दिली होती. त्यांचे बालपण शेतात गेले होते. हरळी म्हणजे पिकाची वैरीण, एवढे त्यांच्या हाडात भिनले होते.

"दिग्या, वर्षभर उपटतोस," आजी बाबांना म्हणाली, "आणि गणपतीला हिच्याच दूर्वा शोधत गावभर फिरतोस."

बाबा चष्मा पुसू लागले.

आजीने एक काडी कालिंदीच्या तळहातावर ठेवली. हे धावते खोड (जमिनीवर आडवे पसरणारे खोड), आणि ही पेरे (खोडावरच्या गाठी). प्रत्येक पेरातून मुळेही फुटतात, पानेही. ऊन हिला आवडते. भाकरीच्या शूने हीसुद्धा करपेल, पायांखाली तुटेल. पण शेजारून धावत येऊन भोक भरून काढील.

कालिंदीने खुरप्याची सूचना बदलली. मग दोघींनी पिवळ्या वर्तुळांत पेरे खोचली. आजी गुणगुणत होती:

हरळी माझी बाई, पेरापेरानं गं चाले
जिथं टेकवी गुडघा, तिथं घर तिचं झाले

कडुनिंबाच्या दाट सावलीत मात्र ती रुजेना. तिथे वाळू पसरली आणि भाकरीला शूसाठी तिथे जायला शिकवले. कधी ती ऐके, कधी नाही.

दसऱ्याला काकांची रिकामी गाडी दाराशी येऊन उभी राहिली. बाबा अंगणात गेले. अनवाणीच, वर्तुळे शोधत फिरले. दोन सापडली, दोन्हींत हिरवी टोके आडवी सरकत होती. कुंपणाकडची वाट जवळजवळ बुजली होती, आणि भाकरी तीच पुन्हा पाडण्यात गुंतली होती.

बाबांनी गाडीत आपट्याची पाने ठेवली, दार लावले आणि गाडीला परत जायला सांगितले.

संध्याकाळी आजीने ओल्या फडक्यात हरळीच्या चार काड्या गुंडाळल्या. त्या चंद्रावर जाणार होत्या. काचघरात माणसे चालून चालून गवत झिजते. तिथेही आपले आपण भरून येणारे गवत हवे होते.

"तिथं कुत्रं आहे का गं आजी?" कालिंदीने विचारले.

"अजून नाही," आजी म्हणाली. "आधी अंगण तर होऊ दे."